आठ नंबर ठीक

अहमदपूर, जि. लातूर
१८ ऑगस्ट २०२५

आदरणीय व्यंकटरावजी,

सप्रेम नमस्कार. आपली-माझी भेट नाही, म्हणून आधी ओळख देतो. मी मन्मथ बसलिंगप्पा हालिंगे, सेवानिवृत्त मुख्याध्यापक. एकाहत्तरच्या युद्धात विमानातून शत्रूच्या मुलखात उडी घेऊन धारातीर्थी पडलेले शिपाई बसवंत हालिंगे यांचा मी धाकटा भाऊ. अण्णा गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आपल्याला फोन लावला होता. आपल्या नातसुनेने सांगितले की आजोबांना फोनवरचे ऐकू येत नाही, पत्र मात्र वाचतात. म्हणून हा पत्रप्रपंच.

येत्या ११ डिसेंबरला आमच्या चौकात अण्णांच्या पूर्णाकृती पुतळ्याचे अनावरण आहे. दोरी कस्तुरावहिनी ओढतील. अण्णा गेले तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या, तेव्हापासून याच घरात आहेत. समितीने एक स्मरणिकाही काढायचे ठरवले आहे. अण्णांच्या विमानात असलेले आपण एकटेच आता हयात आहात, असे कळले. आपल्या आठवणीशिवाय स्मरणिका अपुरी राहील.

आपल्या वयाचा विचार करून मजकूर मीच तयार केला आहे. अण्णांनी छातीवर गोळ्या झेलून, भारतमातेचा जयजयकार करीत देह ठेवला, हा प्रसंग त्यात विस्ताराने आला आहे. आपण फक्त खाली सही करून पाठवावी. पुतळ्याच्या नमुन्याचा फोटो आणि निमंत्रण पत्रिकेचा कच्चा मसुदा सोबत जोडला आहे. आपला शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा आहे, तेव्हा अवश्य यावे.

आपला नम्र,
मन्मथ हालिंगे


लोहा, जि. नांदेड
२७ ऑगस्ट

मन्मथ मास्तर यांस,

पत्र पोचलं. सोबत तुम्ही माझी आठवण लिहून पाठवली, तीही पोचली. मी न लिहिलेली माझी आठवण वाचून मलाच माझ्याबद्दल बरीच नवी माहिती मिळाली. मी म्हणे 'मृत्यूच्या दाढेत हसत हसत' शिरलो. मास्तर, मी सतरा वर्षं फौजेत काढली. दाढेत शिरताना हसणारा इसम मला एकही भेटला नाही. भेटला असता तर आम्ही त्याला आधी दवाखान्यात धाडला असता.

सहीसाठी तुम्ही ठिपके सोडले आहेत. ते जसेच्या तसे परत पाठवतो.

आता पुतळा. फोटो भिंग लावून पाहिला. ह्या पहिलवानाला मी ओळखत नाही. बसवंताला मिशी नव्हती. एकवीस वर्षांचा होता, रोज सकाळी आरशात बघून वरच्या ओठावर बोट फिरवायचा आणि आम्ही हसायचो. तुमच्या मूर्तिकारानं त्याला दोन्ही हातांत दोन बंदुका दिल्या आहेत. मग दोऱ्या कशानं धरायच्या, दातांनी? छातीवरचा पंखांचा बिल्ला उजवीकडे असतो, इथं डावीकडे लावलाय. आणि पाठीमागं सिमेंटचं ते काय आहे? अर्धापूरकडं केळीच्या घडाला पिशवी घालतात तसं दिसतंय. ती हवाई छत्री आहे असं खाली लिहून ठेवा, नाही तर लोक विचारत बसतील.

पत्रिकेत नावं मोजली. उद्घाटक, स्वागताध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, संयोजक, सहसंयोजक मिळून एकोणचाळीस. बसवंताचं नाव त्या सगळ्यांहून बारीक अक्षरात आहे. ह्या एकोणचाळीसांतला एक तरी कधी माळवदावरून उडी मारून बघितलेला आहे का? तुमच्या लोकांना हुतात्मा नको, हुतात्म्याच्या शेजारी फोटो पाहिजे. मेलेला माणूस बरा असतो, मध्ये बोलत नाही.

शालींचं म्हणाल तर माझ्याकडं सात झाल्या. कुणी ना कुणी पंधरा ऑगस्टला आणून पांघरतो आणि स्वतःच कॅमेऱ्याकडं बघतो. माझ्या नातसुनेनं, शिल्पानं, त्यातल्या दोन कूलरवर झाकल्या आहेत. आठवी नको.

मी येणार नाही. आठवणही लिहिणार नाही. तुम्हा जिवंत माणसांचं जे काय चाललंय ते चालू द्या.

व्यंकटराव


अहमदपूर
९ सप्टेंबर

श्री. व्यंकटराव यांस,

आपले पत्र मिळाले. अडतीस वर्षे शिक्षकी केली, पण इतके खवट पत्र माझ्या वाचनात आले नव्हते. वडीलधारे म्हणून दोन दिवस गप्प बसलो. आता गप्प बसत नाही.

बहात्तरच्या जानेवारीत अण्णांची ट्रंक घरी आली. ती कशी आली हे आपल्याला ठाऊक आहे. लोह्याकडून आलेल्या एसटीच्या टपावरून कंडक्टरने ती उतरवून दिली आणि म्हणाला, "एका फौजीनं दिलीया, हालिंग्याच्या घरी पोचवा म्हणला." माझ्या वडिलांनी विचारले, "आन फौजी कुठाय?" तो म्हणाला, "तो तिकीट काढून बसला होता, गाडी सुटायच्या टायमाला लोह्यातच उतरला." सोबती गेला की त्याची ट्रंक सोबत्याने घरी आणायची, घरच्यांसमोर बसून त्याची शेवटची हकीकत सांगायची, हा फौजेतला रिवाज आहे असे इथल्या माजी सैनिकांनी मला सांगितले. वहिनी त्या ट्रंकेपुढे बसून दाराकडे बघत होत्या. मला ते अजून आठवते.

बाबांनी नंतर आपल्याला दोन कार्डे टाकली, उत्तर नाही. लोह्याहून अहमदपूर तास-सव्वा तासाचा रस्ता. चोपन्न वर्षांत आपल्याला तो सापडला नाही.

आमच्याकडे लोक काय बोलतात तेही आज लिहितो. लोक म्हणतात, लोह्याचा व्यंकटराव त्या विमानातून उतरलाच नाही, दारातून परत फिरला. मी हे आजवर मानले नव्हते. आपले पत्र वाचल्यापासून मानावेसे वाटते. ज्याने स्वतः उडी मारली नाही, तोच दुसऱ्याच्या छत्रीला नावे ठेवतो.

आपण उडी मारली होती का? हो किंवा नाही, एवढेच कळवावे.

मन्मथ हालिंगे


लोहा
२० सप्टेंबर

मास्तर,

शाबास. पहिल्यांदाच तुम्ही स्वतःच्या अकलेनं चार ओळी लिहिल्या. जयजयकार नाही, देह ठेवणं नाही, सरळ शिवी. असं लिहीत जा.

उत्तर हवंय तर ऐका. अडुसष्ट साली नांदेडला भरती होती, तिथं छाती मोजून घेतली आणि फौजेत गेलो. देशभक्ती वगैरे काही नव्हती, बापाशी पटत नव्हतं. पुढं कुणीतरी विचारलं, विमानातून उड्या मारणाऱ्या पलटणीत कोण येतो. मरून रंगाची टोपी मिळते म्हणाले. मी हात वर केला. माणूस टोपीसाठीसुद्धा मरायला निघतो, तुमच्या समितीला हे पटेल.

बसवंत मला आग्र्यात भेटला. तेव्हा तुमचा लातूर जिल्हासुद्धा झाला नव्हता, पण परमुलखात शेजारचा तालुका म्हणजे भाऊबंदच. मटणाच्या दिवशी त्याचा वाटा माझ्याकडं यायचा आणि माझी खीर त्याच्याकडं. आग्र्यात पहिल्यांदा उडी मारतात तेव्हा गरुडासारखं काही नसतं. विमानात बसल्यावर निम्मे ओकतात. मग उभं राहायचं, छत्रीच्या दोरीचा आकडा वरच्या तारेत अडकवायचा, आणि प्रत्येकानं आपल्या पुढच्याची पाठ तपासायची. दोरी मोकळी आहे ना, आकडा बसला ना. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, म्हणून ती मागच्याच्या हवाली असते. मग सगळ्यांत शेवटचा ओरडतो, "बारा नंबर ठीक!" आणि पुढच्याच्या पाठीवर थाप मारतो. तो ओरडतो, "अकरा नंबर ठीक!" असं दारापर्यंत. दिवा हिरवा झाला की एकामागं एक बाहेर. पाच उड्या मारल्या की पंख.

आमच्या रांगेत तो सात नंबर, मी आठ. आग्र्यापासून शेवटपर्यंत. त्याची पाठ माझ्या हवाली होती.

अकरा डिसेंबरला मी उडी मारली. सात नंबर गेला, त्याच्या मागोमाग आठ नंबर गेला. पलटणीच्या दप्तरात नोंद आहे, तुमच्या पारावरच्या दप्तरात नसली तरी. तुमच्या चौकातले लोक चोपन्न वर्षं बसल्या जागी मला विमानातून उतरवतात आणि परत चढवतात. त्यांना चहा पाजा माझ्या नावानं.

आणि एक गोष्ट. ती छातीवरची गोळी खोडा. बसवंताला गोळी लागली नाही. एकही नाही. आम्ही पडलो तिथं पहिला तासभर गोळीच नव्हती, गावातले लोक होते, ते आमचं सामान उचलायला मदतीला धावले. तुम्ही दगडावर खोटं कोरून वर त्याला हार घालणार असाल तर घाला. माझी सही त्याच्याखाली मिळणार नाही.

पुढचं विचारू नका.

व्यंकटराव


अहमदपूर
४ ऑक्टोबर

व्यंकटराव,

आपण मला काय करून ठेवले याची आपल्याला कल्पना नाही.

पत्र मी समितीपुढे ठेवले नाही, पण घरात लपून राहिले नाही. माझ्या टेबलावरचा प्रत्येक कागद वहिनी वाचतात. एक्क्याण्णव साली साक्षरतेच्या वर्गाला बसून त्या शिकल्या, आमच्या घरात सर्वांत जास्त वाचन त्यांचेच आहे. त्यांनी ते पत्र वाचले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "गोळी न्हाई तर मग काय?"

खरेच, मग काय? मी चार दिवस हाच विचार करतो आहे. गोळी नाही, तर अण्णांनी पाठ दाखवली? शत्रूच्या हाती लागले? पळून कुठे गेले? आपण 'पुढचं विचारू नका' लिहून मोकळे झालात. असे लिहिण्यासारखे काय आहे, हे मी आता ओळखले आहे. माझा भाऊ भ्याला, हेच आपल्याला सुचवायचे आहे. आपल्यासारख्या माणसाकडून दुसरी अपेक्षाही नव्हती. मेलेल्याची अब्रू घ्यायला आपण चोपन्न वर्षे थांबलात आणि मुहूर्त बरोबर साधलात.

पुतळा चौथऱ्यावर चढला आहे, कापडात गुंडाळून ठेवला आहे. पत्रिका छापून झाल्या. आणि वहिनी म्हणतात, कसा गेला ते कळल्याशिवाय मी दोरीला हात लावणार नाही. समितीला मी अजून बोललो नाही. बोललो तर एकोणचाळीस तोंडे आणि एकोणचाळीस तर्क. एकदा संशय निघाला की हुतात्म्याचा पळपुटा व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून शेवटची विनंती करतो. आपल्याला काय माहीत आहे ते आपल्यापाशीच ठेवा. मला एका ओळीत 'गोळी लागली होती, मी पाहिले' एवढे लिहून द्या. मी ते वहिनींना दाखवीन. चोपन्न वर्षे गोळी चालली, अजून थोडे दिवस चालू द्या. वहिनींचे वय बहात्तर आहे.

मन्मथ


लोहा
११ नोव्हेंबर

मन्मथ मास्तर,

सव्वा महिना तुमचं पत्र उशाशी होतं. एका ओळीत खोटं लिहून द्या म्हणालात. खोटं लिहायला माझी हरकत नाही, त्यात मी तरबेज आहे. तेच आता सांगतो. वाचून वहिनींना द्यायचं की चुलीत घालायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

आधी हे, म्हणजे तुमची झोप परत येईल. बसवंत भ्याला नाही. त्या विमानात न भ्यालेला कुणी असेल तर तोच.

एकाहत्तरच्या पावसाळ्यानंतर आमची पलटण कलकत्त्याच्या बाजूला हलवली. जायचं होतं बंगालात, आणि बंगाल म्हणजे घरटी एक तळं. आमच्याकडं हुकूम निघाला, ज्याला पोहता येत नाही त्यानं उडी मारायची नाही, मागं राहून सामान राखायचं. छावणीमागच्या तळ्यावर चाचणी ठेवली. नाव पुकारलं की पाण्यात शिरायचं, पलीकडच्या काठाला हात लावून परत यायचं. मी गोदावरीच्या काठावर वाढलो, चालायच्या आधी पोहलो. बसवंत तुमच्या मुलखातला. तिथं उन्हाळ्यात विहिरीत घागर बुडत नाही आणि पुढं लातूरला पाणी आगगाडीनं आणावं लागलं. तो पोहायला शिकणार कुठं?

तो म्हणाला, "व्यंकट, राहू दे. मी सामान राखतो. तुमी जाऊन या." त्याला त्यात काही कमीपणा वाटला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मला लाज वाटली असती, त्याला वाटली नाही.

मला मात्र ते चालणार नव्हतं. का, ते मी आजवर कुणाला बोललो नाही. तुम्ही विचारलं होतं, मी दारातून परत फिरलो का. फिरलो नाही, पण प्रत्येक वेळी फिरावंसं वाटलं. आग्र्यातल्या पहिल्या उडीपासून हे असंच. समोर बसवंताची पाठ असायची. मी तिच्याकडं बघत राहायचो आणि ती पाठ दारातून गेली की मीही मागोमाग जायचो. दुसऱ्या कुणाच्या मागं मी गेलो नसतो. तो मागं राहिला असता तर मी भर लढाईत दारातून फिरलो असतो, माझं कोर्ट मार्शल झालं असतं, आणि तेही ज्याचं तोंड एवढं चालायचं त्या व्यंकटचं.

चाचणीच्या दिवशी माझं नाव आलं, मी पोहून आलो. दहा-बारा नावांनंतर त्याचं नाव पुकारलं. मी त्याला हातानं मागं सारलं आणि परत पाण्यात शिरलो. ओलं डोकं, काळं अंग. खुर्चीतल्या साहेबाला आम्ही सगळे सारखेच. जवळ उभ्या हवालदारानं मला ओळखलं, पण त्यालाही माणसं कमी पडत होती, त्यानं मान वळवली. कागदावर लिहिलं गेलं, हालिंगे बसवंत, पोहता येतं.

मी त्याला सांगितलं, तुझी हौस राहू नये म्हणून केलं. हेही खोटं. माझ्यासाठी केलं.

उडी मारली तेव्हा दुपार उलटली होती. वारा होता, माणसं विखुरली. मी भाताच्या खुंटांवर पडलो. सामान घ्यायचं आणि जो पूल ताब्यात घ्यायचा होता तिकडं पळायचं, असा हुकूम होता. पळताना बांधापलीकडं एक तळं दिसलं. पाण्यावर एक छत्री पसरली होती. मला वाटलं कुणी पट्टे सोडून पुढं गेलं. सरकारी माल असा टाकतात का म्हणून मनात शिवीसुद्धा दिली. आणि पुढं पळालो.

दुसऱ्या दिवशी हजेरीला सात नंबर नव्हता. तेव्हा मला ती छत्री आठवली.

तळ्याला दीड पुरुष पाणी होतं. त्याला पट्टे सोडवता आले नव्हते. मीच उतरून त्याला वर काढलं. साहेबानं लिहिलं, कारवाईत मृत्यू, आणि ते खरंच आहे. गोळी तुमच्या गावानं घातली.

ट्रंक माझ्याच हवाली केली होती. नांदेडहून गाडीत बसलो. लोह्याला गाडी थांबली तेव्हा वाटलं, वहिनी विचारतील कसा गेला, मग मी काय सांगू? कंडक्टरला ट्रंक सांभाळ म्हणालो आणि उतरलो. त्या दिवशी मी दारातून फिरलो, मास्तर. तुमच्या लोकांचं खरं आहे, फक्त वाहन चुकलं.

त्यानंतर चौदा वर्षं नोकरी केली. पुढच्याच्या पाठीवर थाप मारायचो, त्याचं नाव विचारायचो नाही. तुमच्या पुतळ्याला हसलो, समितीला हसलो, तुम्हाला हसलो. दुसऱ्याला हसत राहिलं की आपल्याकडं कुणी बघत नाही. मी स्वतःला इतका हलका मानतो की तुमच्या एकोणचाळीसांतला कुठलाही मला वजनदार वाटतो.

आता मला बोलावू नका.

व्यंकटराव


अहमदपूर
२८ नोव्हेंबर

व्यंकटराव यास्नी कस्तुराबाईचा नमस्कार.

पत्र मन्मथच्या नावाचं व्हतं, पण तो नांदेडला मूर्तिकाराकडं गेल्ता. पोस्टमननं माझ्या हातात दिलं, मी फोडलं. दोनदा वाचलं. मन्मथला दाखवलं न्हाई. माझ्या लुगड्याच्या घडीत हाय.

आधी रडून घेतलं. ह्या वयात रडायची लाज वाटली, पर आलं. त्यास्नी पाण्याचं लई भ्याव व्हतं. वढ्याला गुडघाभर पाणी असलं तरी माझा हात धरायचे. तार आली तवा लोक म्हणले गोळीनं गेले, तर मला तेवढंच बरं वाटलं व्हतं, की पाण्यानं तर न्हाई गेले. तुमी गोळी न्हाई म्हणून लिवलं, तवाच मी समजले व्हते. मन्मथला कशाला सांगू? दोरीला हात लावनार न्हाई म्हणले, ते तुमच्या तोंडून यावं म्हणून.

मला कसं समजलं ते आता ऐका. त्यांनी उडीच्या आधी आंतरदेशी धाडलं व्हतं. तार येऊन गेली, मग ते पत्र आलं. सासऱ्यांनी वाचून दावलं, खुशाल हाय म्हणतो, एवढंच म्हणले आन डोळे पुसले. पत्र चांगलं दोन्ही बाजूनं भरलेलं, आन खुशाली एवढीशीच? मी ते ठिवून दिलं. ईस वर्सांनी साक्षरतेचा वर्ग निघाला तवा मी गेले. बाकीच्या बायका सही शिकायला येत व्हत्या, मी ते पत्र वाचायला शिकले. सासऱ्यांनी गाळलेलं हे असं हाय, जसंच्या तसं उतरून देते.

"व्यंकटने माझ्या नावाने पोहून दाखवले. माझी हौस म्हणून केले म्हणतो. त्याला वाटते मला काही कळत नाही. तो फार भितो. विमानात आठ नंबर ठीक म्हणून ओरडतो आणि माझ्या पाठीवर थाप मारतो तेव्हा त्याचा हात कापत असतो. मी मागे राहिलो तर तो उडी मारणार नाही आणि त्याला शिक्षा होईल. म्हणून मी जातो. तू हे कोणाला सांगू नको, त्याची बदनामी होईल. परत आलो की गोदावरीत पोहायला शिकवतो म्हणाला आहे."

कुणाला सांगू नको म्हणले, म्हणून न्हाई सांगितलं. चौतीस वर्सं. लोक म्हणायचे लोह्याचा भित्रा, मी गप. मन्मथ आता सुदिक तुमच्या नावानं चिडून राहिला, मी गप. तुमचं भ्याव मी पदराला बांधून ठिवलं, आन तुमास्नी लोह्याहून हितवर येववलं न्हाई. तुमचं भ्याव मी राखलं, तुमी माझं काय राखलं?

त्यांच्या नावानं पोहलात त्याचा राग न्हाई. ते जाणून-बुजून गेले, तुमी फसवलं म्हणता ते तुमचं मोठेपण हाय उगं. छत्री बघून पळालात त्याचा बी राग न्हाई, हुकूम व्हता. ट्रंक टपावर सोडून उतरलात, त्याचा राग हाय. अठरा वर्साची व्हते मी. कुणीतरी समोर बसून सांगावं म्हणून दाराकडं बघत व्हते, आन आला कंडक्टर. ते मी माफ करनार न्हाई. मागू बी नका.

पुतळ्याची मिशी काढायला लावली. मूर्तिकार कानस घेऊन घासून गेला, आता जरा त्यांच्यावानी दिसतो. खाली पाटीवर गोळीचं लिवलंय ते बी मी पुसायला लावनार हाय. तिथं काय लिवायचं ते तुमी सांगायचं.

अकरा तारखेला यायचं. माझ्या मागं उभं ऱ्हायचं न्हाई, मागं उभं ऱ्हायला पत्रिकेत एकोणचाळीस जण हायत. पुढं यायचं, माईक घ्यायचा, आन सगळ्यांसमोर म्हणायचं, त्याला पोहता येत नव्हतं आन मला भ्याव वाटत व्हतं. त्यांनी मला सांगू नको म्हणलं व्हतं, तुमास्नी न्हाई म्हणलं. तुमी म्हणलं की मी दोरी ओढीन.

न्हाई आलात तर मी काय कुणाला सांगनार न्हाई, शब्द दिलाय. पुतळा तसाच कापडात ऱ्हाईल. येता-जाता लोक इचारतील, कापडात तोंड झाकून उभा हाय तो कोन. तवा मी सांगीन, तो लोह्याचा व्यंकटराव.

लोह्याहून सकाळी साडेसातला गाडी हाय. कान गेले म्हणतात. तोंड हाय न्हवं?

कस्तुराबाई बसवंत हालिंगे